बसलेली महालक्ष्मी

माझ्या माहेरच्या महालक्ष्म्या उभ्याच्या. काही घरांत बैठ्या असतात, आमच्यात न्हाईत. भादव्यात दोघी बहिणी साड्या नेसून तीन दिवस उभ्या, आणि त्या उभ्या म्हणून माझी आई, आमची अव्वा, तीही उभी. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, पंगतीवर पंगत, सगळं ओट्यापाशी उभ्यानं. "लक्ष्मी उभी असताना आपण कसं टेकावं?" बरं, लक्ष्म्या तिसऱ्या दिवशी जातात तरी. ही वर्षभर उभी. गुडघे केव्हाच गेलेत. डॉक्टर सांगून थकले, मी भांडून थकले.

मी वर्षाराणी, लातूरला शाळेत चित्रकला शिकवते. मागं शाळेची सहल घेऊन तेरच्या संग्रहालयात गेले होते. तिथं काचेमागं मातीची एक देवी होती, फार जुन्या काळातली. एवढीशी, पण बसली कशी! गुडघे पसरून, ऐसपैस, कुणाची भीडमुर्वत न ठेवता. पोरं पुढं निघून गेली आणि मी तिथंच. मला रागच आला एकदम. पूर्वी देवी बसत होती की! मग हिला उठवलं कुणी? कुणाला वाढायला?

तीच देवी मी मोठ्या कॅनव्हासवर काढायला घेतली. शाळा, घरचा स्वयंपाक, सासऱ्यांचं पथ्यपाणी, हे सगळं उरकून उरेल त्या वेळात. तोंड मात्र अव्वाचं दिलं. सुजलेले गुडघे तिचे, हात मांडीवर सैल सोडलेले. हातात काही न्हाई. कमळ न्हाई, त्रिशूळ न्हाई, झारा तर न्हाईच न्हाई.

आठ मार्चला आमच्या महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. माझी मैत्रीण सबिहा, तिच्या नवऱ्याचं गंजगोलाईत फ्रेमचं दुकान आहे, तिनं स्वतः येऊन चित्र लावलं. बघून म्हणाली, "या अल्ला, हुबेहूब अव्वा!" मी चित्रासमोर एक खुर्ची ठेवली. मला बक्षीस नको होतं, कौतुकही नको होतं. अव्वानं एकदा स्वतःला बसलेलं बघावं आणि त्या खुर्चीवर टेकावं, एवढंच पाहिजे होतं मला.

मग रिक्षा करून तिला आणायला गेले. घात झाला तो तेवढ्यात.

परत येऊन बघते तर चित्रासमोर चपलांचा ढीग. देवीच्या कपाळावर कुंकू, पायावर हळद, खाली नारळ, कुणीतरी ओटीही भरलेली. बाया रांगेनं पाया पडायल्या होत्या. कुणी पोराची नोकरी मागायली, कुणी सुनेला दिवस जाऊ दे म्हणायली.

"अहो बाई, चित्र हाय ते! रंग खराब होतोय!" मी ओरडले.

"चित्र असू दे की. लक्ष्मीच हाय," एक बाई म्हणाली आणि उरलेली हळद लावून मोकळी झाली.

सबिहा रडकुंडीला आली होती. "मी बोलले गं, हळद नक्को लावू. पण देवीला हात लावू नका म्हणून मी किती बोलू? तूच सांग."

तिचं बरोबर होतं. मी मटकन बसणार होते, पण अव्वाचा हात हातात होता. जन्माची दमलेली बाई मी मरमर करून खाली बसवली, आणि दुपार व्हायच्या आत बायांनी तिला कामाला लावलं!

अव्वा चपला काढून पुढं गेली. बराच वेळ बघत राहिली. स्वतःचं तोंड तिला काही ओळखू आलं न्हाई. "लई शांत हाय गं. हिचं बरं हाय, बसून हाय."

"अव्वा, ती तूच हाईस."

"हट्! काही बी बोलायलीस. पाप लागंल."

"बरं, तू बस तरी." मी खुर्ची पुढं सरकवली.

"येडी का काय तू? कुंकू लागलंय, पूजा झालीय. देवीसमोर खुर्चीवर बसू?"

संपलं. नुसतं चित्र राहिलं असतं तर बसली असती. मला बायांचा राग, कुंकवाचा राग, माझा स्वतःचाही राग आला, पण भांडायला अंगात जीव उरला नव्हता.

अव्वानं हात जोडले, डोळे मिटले. पुटपुटली, पण मला ऐकू आलं. "लक्ष्मीमाय, माझं काही न्हाई. ही पोरगी लई दमायली. सकाळधरनं पायावर हाय. हिला तेवढं बसू दे."

मग खुर्ची ओढून माझ्या खांद्यावर हात दाबला. "बस."

"आणि मघा म्हणालीस की, देवीसमोर खुर्चीवर बसायचं न्हाई?"

"देवीला मागितलंय तुझ्यासाठी. तुला चालतंय. बस गप."

मी बसले. पाय खरंच गेले होते माझे. समोर अव्वा बसलेली, हळदीनं माखलेली. आणि मागं खुर्चीच्या पाठीला धरून, एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर टाकत, अव्वा उभी.