संत नेदेल्येचा ऊबदार मोजा

रविवारी सकाळी ब्रेस्तोवोच्या टेकडीवरच्या चिमुकल्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गावातल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या फोन छातीशी धरून उभ्या होत्या. खाली गावात कधी न फिरकणारं इंटरनेट इथं साक्षात संत नेदेल्येच्या कृपेनं येत होतं. खोटं वाटत असेल तर फोन उघडून बघा! वाय-फायच्या यादीत नावच यायचं, ‘संत नेदेल्या’.

“माता स्वतः नाव घालून येते,” चर्चची दिवाबत्ती बघणारा त्सांको डोळे मिटून सांगायचा. मग एकेकीचा फोन घेऊन, पाठ फिरवून, पुटपुटत बोटं चालवायचा आणि जर्मनीतली सून पडद्यावर हजर व्हायची. बदल्यात चीज चालायचं, घरच्या दारूची, राकियाची बाटली तर धावायची. गेल्या वर्षापर्यंत हा भक्त सीमेपलीकडे ग्रीसमध्ये ऑलिव्ह तोडायला जायचा. भक्ती त्याला यंदाच सुचली होती.

टपालवाली झ्लात्का एरवी हे बघून गालात हसायची. आज मात्र नेवेनाकाकू रडत होती. स्पेनमध्ये तिच्या लेकीला काल मुलगी झाली होती आणि नेमकी आजच माता साऱ्या गावावर रुसली होती. एकाही फोनवर काही येईना.

“परवापर्यंत येत होतं की रे!”

“मातेनं तुझी शेळी मागितली, तू नाही म्हणालीस,” त्सांको म्हणाला. “मातेला सगळं कळतं, काकू.”

“दे की गं ती शेळी!” मागून एक म्हातारी फणकारली. “तुझ्यापायी आम्हीपण उपाशी.”

नेवेनाकाकूनं डोळे पुसले. “एकुलती एक शेळी आहे रे माझी स्नेझा. पण घेऊन जा. नातीचं तोंड तरी बघू दे.”

झ्लात्काच्या डोक्यात तिडीक गेली. ती गर्दीतून वाट काढत थेट मातेच्या तसबिरीपुढे गेली. तिथं नवसाच्या टॉवेलांचा आणि लोकरी मोज्यांचा ढीग होता. मातेला वाहिलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रोज दिवा लावणारा त्सांको तेवढा अपवाद. ढिगात तिचे स्वतःचे राखाडी मोजे होते आणि त्यातला एक चांगलाच फुगला होता.

“मी तर रिकामे वाहिले होते. यात पाय कुणाचा?”

“हात लावू नकोस, पाप लागेल!” त्सांको ओरडला.

“माझेच मोजे आहेत. लागलं तर मलाच लागेल.” तिनं मोजा उचलला. “अगं बाई, गरम आहे! मातेला ताप आलाय वाटतं.”

आतून एक फोन निघाला, जोडीला चार्जिंगची बॅटरी.

“हे बघा,” झ्लात्का म्हणाली. “सिमकार्ड ग्रीसचं. आपल्या कंपनीचा टॉवर डोंगराआड राहतो, त्यांचा पलीकडच्या कड्यावरून टेकडीला समोर दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट चालू केला की एकाचं नेट सगळ्यांना वाटता येतं. त्याला नाव काय द्यायचं ते मालकाच्या मर्जीवर. आणि हा पुटपुटत टाकायचा तो पासवर्ड. काल तो बदलला, झाली माता नाराज! बोल रे, नवा काय आहे?”

त्सांको काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं!”

“स्नेझामाझी,” तो कसाबसा म्हणाला.

चर्च हसण्यानं दणाणलं. फणकारलेल्या म्हातारीनं डोक्यावरचा रुमाल ओढून तोंड लपवलं.

“काकू, संतावर श्रद्धा ठेव, कोण नको म्हणतंय?” झ्लात्का पासवर्ड टाकत म्हणाली. “पण कुणी चमत्कार दाखवला, तर तो येतो कुठून आणि बंद कुणाच्या हातानं होतो, हे आधी विचारत जा. विचारल्यानं कुठलीच माता रुसत नाही.”

पडद्यावर लालबुंद, मुठी आवळलेली नात जांभई देत होती. नेवेनाकाकूनं पडद्यावरूनच तिच्या गालावर बोट फिरवलं.

“तिच्यासाठी मोजे विणलेत गं,” ती लेकीला म्हणाली. “उद्याच्या टपालानं पाठवते. रिकामेच आहेत. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस, आधी आत हात घालून बघ.”