दिव्याखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे, आणि मला फार घाई आहे. थोड्याच वेळात मला इथून उचलतील. त्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या.

मला एका सुईणीनं लिहिलं. परगावी तापाची साथ होती, बायका अडल्या होत्या, म्हणून ती तिकडे गेली आणि तिथून लेकीला चार शब्द लिहायला बसली. दौतीत शाई तळाला गेलेली. बाई मोठी काटकसरी! शाई सरत आली तसं ती दौतीत पाणी घालत गेली. म्हणून माझं डोकं काळंभोर आणि पाय फिके. वर शेळीबद्दलच्या सूचना, मग "उगाच रडत बसू नकोस" असा दम, आणि अगदी खाली, जवळजवळ पाण्यानंच लिहिलेलं, "माझ्यासाठी थांबू नकोस, जेवून घे."

सुईण परत आली नाही. लेकीनं मला कपड्यांच्या पेटीत तळाशी जपलं. पुढे लेकही गेली. मग कुणी मला विचारेना की पुसेना. किती चिडचिड व्हायची माझी! अंधारातच अक्षर शाबूत राहतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

पेटी उघडली ती सुईणीच्या पणतीनं. तीही आता आजी झाली आहे. तिनं मला या हस्तलिखितांच्या संग्रहात दिलं, पण अट घालून. "माझ्या पणजीला कपाटात कोंडायचं नाही. सगळ्यांना दिसली पाहिजे." अट कागदावर उतरली. झालं! मला काचेखाली निजवलं आणि डोक्यावर दिवा लावला.

कौतुक तर काय विचारता! मुलं काचेला नाकं लावायची. मोठी माणसं अक्षराला नावाजायची. मीही हुरळून गेले. पण तो मेला दिवा दिवसभर माझी शाई खात होता.

आजी अधूनमधून येऊन मला वाचायच्या. एकदा शेवटच्या ओळीपाशी अडखळल्या. "नंबर वाढला वाटतं," म्हणाल्या. पुढच्या खेपेला नवा चष्मा. मग आणखी एक. मी आतल्या आत ओरडत होते, अहो, डोळे तुमचे ठणठणीत आहेत, मीच चालले आहे! इथले अभिलेखपाल, म्हणजे आम्हा पत्रांना सांभाळणारे गृहस्थ, त्यांना सगळं दिसत होतं. पण अट मागे घ्यायचा हक्क फक्त आजींचा, आणि त्यांना सांगायचं यांना धाडस होईना. नुसते चुळबुळत उभे राहायचे. असा संताप यायचा मला!

आज आजी आल्या. शेवटची ओळ काही केल्या लागेना. वैतागून त्यांनी मान वळवली आणि शेजारची पाटी घडाघडा वाचली, "काचेवर टेकू नये." मुंगीएवढी अक्षरं! त्या थबकल्या. पुन्हा पाटी पाहिली, पुन्हा मला.

"अहो, माझे डोळे तर चांगले आहेत," त्या अभिलेखपालांना म्हणाल्या. "हिला काय झालंय?"

"उजेडानं शाई उडते, आजी."

"आणि हे मला आज सांगताय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"म्हणून हिला मरू देत होतात? शहाणेच आहात! माझी अट गेली खड्ड्यात. हिला आत ठेवा, इथे नक्कल लावा."

"तुमच्यासाठी काढू की कधीतरी बाहेर."

"काढली की पुन्हा उडणार ना?"

अभिलेखपालांनी होकारार्थी मान हलवली.

"मग नको," आजी म्हणाल्या.

दिव्याचं बटण मागच्या खोलीत आहे. अभिलेखपाल तिकडे पळाले. आजींनी पाटीला न जुमानता आपला तळहात काचेवर ठेवला, बरोबर माझ्या शेवटच्या ओळीवर. अजून तिथेच आहे तो. त्याच्या सावलीत बसून मी तुमच्याशी बोलते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा जुना कागद असेल तर तो मन भरून वाचा आणि मग झाकून ठेवा. आणि कुणाचं काही हातचं जात असेल, तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका हो. वेळेवर सांगा.

दिवा विझला. अभिलेखपाल परत आले.

"आजी, आता काढा हात."

"राहू द्या हो जरा," आजी म्हणाल्या. "पुन्हा कुठे भेटणार आहे ती मला?"