दिवसपाळीत हुकलेली पानं

भागीरथीने जिभेला बोट लावून पान उलटलं, तशा समोरच्या चौघींच्या माना साड्यांवरून वर आल्या.

"'तू गेली नाहीस अजून?' ईशानने विचारलं," ती वाचू लागली. "अन्वीने ओव्हनचं दार लावलं आणि हाताचा मैदा त्याच्याच शर्टाला पुसला. 'जायचं असतं तर पहाटे पाचला पाव भाजत बसले असते का?'"

"शर्टालेच पुसला का वं?" सुषमा म्हणाली. "मंग थो का म्हणते?"

"हात चालू ठेव. सांगते."

गुजराती पाट्यांच्या बमरोलीत, एका इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रोज दुपारी तीनला ही बैठक बसे. कापड मार्केटच्या साड्यांना टिकल्या लावायचं काम. मेण लावलेल्या काडीने टिकली उचलायची, डिंकाच्या ठिपक्यावर ठेवायची, की लगेच पुढची. डोळे आणि बोटं गुंतलेली, कान मात्र दिवसभर रिकामे. त्या रिकाम्या कानांची सोय भागीरथीने केली होती. ती वाचायची आणि तिच्या वाट्याची साडी चौघी मिळून पुरी करायच्या. असं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण तीन वर्षांत एकदाही ते मोडलं नव्हतं.

वाचायची ती फक्त प्रेमाच्या कादंबऱ्या, आणि त्याही आजच्या. त्यातली माणसं नोकऱ्या करत, फोनवर रुसत, गैरसमज करून घेत आणि शेवटच्या दहा पानांत शहाणी होत. खालच्या किराणावाल्याच्या शिकलेल्या भावाने एकदा तिला एक भारी कादंबरी दिली होती. तीत दुष्काळ होता, आजारपण होतं, जावांची भांडणं होती. चाळीस पानं वाचून तिने ती परत केली. हे सगळं तिने गावी पारोळ्याला फुकटात पाहिलं होतं. बेकरी चालवणारी, चिडली की पुरुषाच्या शर्टाला हात पुसणारी बाई मात्र तिने कधीच पाहिली नव्हती. तिला तीच पाहायची होती, आणि यात लाज वाटण्यासारखं काय आहे हे तिला प्रामाणिकपणे कळत नसे.

लाज एकाच गोष्टीची होती. ती गोष्ट गॅलरीच्या वळणावर सुताच्या रिकाम्या खोक्यावर बसून चहा पीत होती.

भिकन, तिचा नवरा. उधन्याला लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, सव्वीस वर्षं काढली होती त्याने. त्या खडखडाटाने त्याचे दोन्ही कान आतून खाल्ले होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात तो एकपर्यंत झोपे, मग जेवून चहाचा पेला घेऊन त्या खोक्यावर येऊन बसे आणि सहाला कामावर जाई. खाली रस्त्यावरून त्याच्या खात्यातला लखन चालला, की दोघं वरून-खालून आवाज न करता नुसती तोंडं हलवत आणि हसत. लूमवाल्यांची ती सवयच. भागीरथीला तो पोरकटपणा वाटे.

तिला मात्र नवऱ्याशी ओरडूनच बोलावं लागे. जेवा! गॅस संपला! पोऱ्याना फोन व्हता! ओरडून सांगता येईल तेवढंच घरात बोललं जाई. ज्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत त्या हळूहळू बंद पडल्या. पहिल्यांदा कधी बंद पडल्या तेही आता आठवत नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी त्याने एकदा तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "काय शे हाई?" दुपारची वेळ, अख्खी इमारत जागी. प्रेमाची कादंबरी, असं बोंबलून सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिने एकच सोपा शब्द ओरडून टाकला होता.

"पोथी!"

भिकनने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो वळणावर आला, पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या आणि मगच बसला. त्यानंतर दर वेळी तसंच. पोथी चालू आहे तिथे चपला घालून कसं बसायचं? अन्वी आणि ईशानच्या आधी तीन जोडपी होऊन गेली. भांडणं, ताटातुटी, एक गच्चीवरचं चुंबन. त्या सगळ्याला तो अनवाणी बसला होता. चुंबनाच्या वेळी भागीरथीने पुस्तक तोंडापुढे धरलं होतं. दिवसभरात निदान एकदा तरी ते तिच्या मनात येई.

"'पाव करपले तर?' ईशान म्हणाला. अन्वी त्याच्या जवळ..."

"हे काय वाचायलात तुम्ही?"

जिन्याच्या तोंडाशी प्रमिलाबाई उभी होती, डोक्यावर साड्यांचं गाठोडं. मार्केटमधून माल आणायचा, बायकांना वाटायचा आणि तयार झाला की पोचवायचा, हे सगळं तिच्या हातात. परभणीहून आली तेव्हा तिच्यापाशी नेसत्या साडीशिवाय काही नव्हतं. आता दोन मजल्यांवर तिच्या शब्दाला मान होता.

"नवी कादंबरी आहे," भागीरथी म्हणाली. "बसा ना."

"बसायला वेळ नाही मला. काल नूतनला पाहायला पाहुणे आलते. पोरगा चांगला, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. तर आमची बाई चहाचा ट्रे ठेवून काय म्हणावी? मी आधी दोनदा भेटेन, बोलेन, मग हो म्हणेन. पाहुण्यांसमोर! कुठून शिकली हे?"

तिची नूतन चौघींच्या टोकाला बसली होती. तिने मान खाली घालून एकाच ठिपक्यावर दोन टिकल्या लावल्या.

"दोनदा भेटायचं म्हणाली, पळून जायचं नाही म्हणाली," भागीरथी बोलली. "त्यात बिघडलं काय?"

"तुम्हाला नाही कळायचं, तुम्हाला पोरगी नाही. त्या मोबाइलवरून पुस्तकं मागवायची, पार्सल माझ्या पोरीच्या नावानं, आणि चव्हाट्यावर बसून हे असलं वाचायचं! उद्यापास्नं सगळ्या जणी माझ्या खोलीत बसतील. इथं बसंल तिला माल नाही." तिने वळणाकडे पाहिलं. भिकन पेल्यातला शेवटचा घोट घेत होता. "आणि भिकनभाऊंना माहीत हाय का, तुमची पोथी काय हाय ती? उद्या मीच सांगते त्यांना. वरडून सांगते."

भागीरथीने पुस्तक मिटलं नाही.

"सहा प्रकरणं उरलीत," ती म्हणाली. "ती मी इथंच वाचणार."

रात्री भिकन कामावर असताना तिने एकटीने भात खाल्ला आणि विचार केला. तो हात उगारणारा माणूस नव्हता. रागावला तर एखादा दिवस जेवणार नाही, एवढंच. पण त्याने चपला काढल्या होत्या. आठ महिने. प्रमिलाबाईच्या तोंडून त्याला ते कळलं, तर तो बायकोकडे कोणत्या नजरेने बघेल? पुस्तकं ट्रंकेत टाकून मोकळं होणं सोपं होतं. उद्यापासून खरंच पोथी आणून वाचणंही सोपं होतं. यातलं काहीही करायचं नाही, हे तिने ताट घासता घासता ठरवलं. वाचन सोडायचं नाही, आणि सांगायचं ते आपणच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी तीनला गॅलरी रिकामी होती. प्रमिलाबाईच्या खोलीच्या बंद दाराबाहेर चपलांचे चार जोड होते. भागीरथीने नेहमीच्या जागी सतरंजी टाकली आणि पुस्तक उघडलं. ऐकायला कुणी नव्हतं, तरी सवयीने तिचे ओठ हलू लागले. एक पान झालं, दुसरं झालं.

भिकन पेला घेऊन आला. रिकाम्या गॅलरीकडे त्याने एकदा नजर टाकली. मग चपला काढल्या, भिंतीशी लावल्या आणि खोक्यावर बसला.

त्या चपला पाहून तिला पुढे वाचवेना. ती उठली. पुस्तक छातीशी धरून त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"हाई पोथी नही शे! प्रेमनी कादंबरी शे! मी खोटं बोलनी तुम्हले!"

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडं वाजायचं थांबलं. प्रमिलाबाईच्या खोलीचं दार उघडलं आणि पाच तोंडं बाहेर आली. तिसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी वाकून बघू लागली. भागीरथी जागची हलली नाही.

भिकनने कपाळाला आठ्या घातल्या.

"वरडू नको," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्याचा आवाज सपाट होता. "तू वरडस तव्हय तुनं तोंड वाकडं व्हई जास. मंग माले काहीच समजत नही. हळू बोल."

मग नेहमीच्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं, ती म्हणाली, "हाई पोथी नही शे."

"माहीत शे."

"कव्हयपाईन?"

"पहिला दिनपाईन." त्याने पेला खाली ठेवला. "पोथीमा फोन कोठे ऱ्हास?"

दारातून सुषमाचं हसू फुटलं आणि कुणीतरी ते दाबलं. भिकनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो भागीरथीच्या तोंडाकडे बघत होता. लखनच्या तोंडाकडे बघायचा तसाच. दोन्ही बाजूंनी लूम चालू असताना सव्वीस वर्षं माणसं तिथे कशी बोलत असतील, हा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला.

"मंग चपला कसाले काढतस?" तिने विचारलं. आवाज आणखी खाली आला होता आणि तरी त्याला कळत होतं.

तो जरा अवघडला. "तू वाचस," तो म्हणाला. "बाया गुमान बसतस. माले वाटनं, काढाले पाहिजेत."

मग जणू मुद्द्याचं आता आलं, अशा तऱ्हेने तो पुढे सरकून बसला.

"मांगला हप्ताले मनी दिनपाळी व्हती. ती पोरगी रागमा इमानतळवर गयी, तठलोंग माले माहीत शे. आते या हप्ताले पाहस तं दोन्ही परत दुकानमा. मधमा काय व्हयनं? चार दिन झाये, इचार करी ऱ्हायनू."

तिला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. एक आठवडा आड, निम्म्या निम्म्या कादंबऱ्या पाहिल्या होत्या या माणसाने. तीन जोडप्यांची अर्धी अर्धी भांडणं कोणत्या शेवटाला गेली, हे विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर तिला ओरडून सांगावं लागलं असतं.

"काकू," नूतन दारातून म्हणाली, "आम्ही येऊ का बसायला?"

"आज नको," भागीरथी म्हणाली. "उद्या तीनला या. माल नाही दिला तर रिकाम्या हाताने या."

प्रमिलाबाई उंबरा ओलांडून पुढे आली. तिने आयुष्यात बरंच काही पाहिलं होतं, पण बायकोला कादंबरीतलं विचारणारा लूमवाला पाहिला नव्हता.

"मम्मी, चाल ने आत," नूतन इथल्या गुजराती वळणाने म्हणाली आणि आईच्या दंडाला धरून तिला घेऊन गेली. दार मात्र पूर्ण लागलं नाही.

भागीरथीने सतरंजी ओढून वळणावर आणली आणि त्याच्या अगदी समोर बसली. बरीच पानं मागे गेली. विमानतळ. अन्वीची बॅग. ईशान धावत आला आहे, त्याला आत सोडत नाहीत, काचेच्या पलीकडे ती उभी आहे. भागीरथी वाचू लागली, आणि दोन-तीन ओळींनंतर तिच्या लक्षात आलं की आवाजाची गरजच नाही. मग तिने आवाज सोडून दिला. नुसते ओठ हलत राहिले. अर्ध्या उघड्या दारामागे पाचही जणी श्वास रोखून उभ्या होत्या, पण त्यांना रस्त्यावरच्या टेम्पोखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

भिकनचे डोळे तिच्या ओठांवर होते. काचेपाशी ईशान थांबतो इथपर्यंत सगळं नीट झालं. मग ते वाक्य आलं. 'मला तुझ्याशी रोज बोलायचंय. कामाचं नाही. उगाच.' गेल्या आठवड्यात चौघींसमोर तिने ते खणखणीत वाचलं होतं आणि सुषमाने टाळी दिली होती. आता मात्र ते तिच्या ओठांवरून उतरेना. नजर खाली वळवून तिने ते कसंबसं उरकलं.

"परत बोल," भिकन म्हणाला. "समजनं नही."

तिने वर पाहिलं. त्याला समजलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

तिने पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं.