लोकोचा गोलकी

चेंडू डावीकडून आला आणि लालमहंमदला दिसला तो खांबांच्या मागे, धुळीत जाऊन थांबल्यावर.

"मामा, डुलकी लागली व्हय?" मैदानाच्या कडेवरून कुणीतरी ओरडलं. माणसं हसली. लालमहंमदही हसला आणि चेंडू आणायला वळला. चेंडू उचलण्यासाठी तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

मारणारा पोरगा रहीम शिरूरचा होता. सकाळच्या एसटीने, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून, तो दौंडला आला होता. दरवर्षी उन्हाळ्यात, रेल्वेच्या फुटबॉल कपच्या आधी, असे आसपासचे पाचसहा खेळाडू या मैदानावर यायचे. दुपारभर त्यांना खेळवून बघायचं, मग लोको शेडच्या संघाने आणि स्टेशनवाल्यांच्या संघाने आळीपाळीने एकेक मागून घ्यायचा, अशी इथली रीत होती. नाणेफेक जिंकेल त्याची पहिली मागणी. लोकोचा कप्तान आणि गोलकी, दोन्ही लालमहंमदच. स्टेशनवाल्यांचा कप्तान बाबुलाल, मालगाडीचा गार्ड.

रहीमने पुन्हा चेंडू घेतला. या वेळी तो समोरून आला आणि लालमहंमदने तो छातीशी सहज धरला. पुढचा उजवीकडून आला, तोही अडवला. त्यानंतरचा डावीकडून येणार हे रहीमच्या खांद्यावरून कळलं, तेव्हा लालमहंमदने मान आधीच तिकडे वळवली. पण चेंडू मध्येच कुठेतरी नाहीसा झाला.

"डावं, मामा! डावं!"

हा आवाज संपतचा. संपत मैदानात त्याच्यापुढे बॅकला खेळायचा, आणि लालमहंमद चालवायचा त्या इंजिनावर कोळसा मारणारा त्याचा फायरमन होता. आवाजाच्या दिशेने लालमहंमदने स्वतःला झोकून दिलं. बोटांना चेंडू लागला आणि खांबाबाहेर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपतने वाजवल्या नाहीत. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि मैदान सोडून लालमहंमदकडेच बघत होता.

दुसऱ्या टोकाच्या गोलमध्ये राहू गावाहून आलेला म्हस्कू उभा होता. भीमेच्या वाळूत त्याच्या घरची कलिंगडांची वाडी होती. गाडी भरताना खालून फेकलेली कलिंगडं वर उभं राहून झेलायचं काम त्याचं. त्यामुळे चेंडू धरताना तो हात जरा मागे घेई, जणू आपटला तर फुटेल. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. लोकोला गोलकी होता, आणि स्टेशनवाल्यांना होता तो बरा होता.

लालमहंमदला हे पहिल्यांदा कळलं ते घरी. त्याच्या बायकोने, हुसेनबीने, चहाची कपबशी डाव्या हाताला ठेवली आणि त्याला ती दिसली नाही. नंतर ती विहिरीवर गेली असताना त्याने दार लावून घेतलं. उजवा डोळा हाताने झाकला, समोरच्या खुंटीवर नजर ठेवली आणि पांढरा कप डाव्या कडेने हळूहळू पुढे आणला. कप कान ओलांडून, गाल ओलांडून, जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा दिसला. मग दुसरा डोळा. तो त्यामानाने बरा होता, पण त्यातही डावीकडे एक जागा अशी होती की कप तिथे गेला की नुसती भिंत उरायची. काळोख नाही, धूसर नाही, भिंत. जे दिसत नव्हतं त्याच्या जागी डोळा स्वतःच काहीतरी भरून टाकत होता. याचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

हिवाळ्यातल्या तपासणीत तो पास झाला होता. तक्ता समोर असतो, अक्षरं समोर असतात. शेवटची ओळसुद्धा त्याने न अडखळता वाचली होती. रेल्वेच्या लेखी त्याचे डोळे उत्तम होते. ते उत्तम नाहीत हे फक्त या दोन खांबांच्या मध्ये उभं राहिल्यावर कळत होतं.

नाणं लोकोच्या बाजूने पडलं.

"माग बाबा," बाबुलाल म्हणाला. "सगळ्यांस्नी ठावं हाय तू कुणाला मागनार. उगं नवरीवानी लाजू नको."

लोको शेडचे फोरमनसाहेब कडेला खुर्ची टाकून बसले होते. "एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "आपल्याला काय कमी आहे ते बघत बसायचं नाही. समोर जो सगळ्यांत चांगला असेल तो उचलायचा. त्याला कुठे खेळवायचं ते मागाहून ठरवता येतं."

"सायेब, कमी हाय ते बी बघाय लागतं की," संपत म्हणाला. फोरमनसाहेबांसमोर तो एरवी बोलत नसे. "भोक एका जागी आन् ठिगळ दुसऱ्या जागी, असं नगं व्हाया."

"आपल्याला कसलं भोक पडलंय?"

संपतने लालमहंमदकडे बघितलं.

लालमहंमदने हातमोजे काढले. म्हस्कूचं नाव घ्यायला तोंड उघडायचं एवढंच काम होतं. पण लगेच कुणीतरी विचारणार होतं, गोलकी असताना गोलकी कशाला? आणि त्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. ते दिलं की इंजिन गेलं. मग शेडच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी बघायची, नाहीतर तेही नाही.

"रहीम," तो म्हणाला.

लोकोवाल्यांनी आरोळी ठोकली. शिरूरचा पोरगा लाजून बुटांकडे बघू लागला. फोरमनसाहेबांनी मान डोलावली.

बाबुलालने डोकं खाजवलं. "मग मला तो कलिंगडवाला द्या. आमचा गोलकी जत्रंला पळाला तर कामाला येईल."

राहिलेले खेळाडू वाटले जात असताना संपत लालमहंमदजवळ आला. उजव्या बाजूने आला. अलीकडे तो नेहमी उजव्या बाजूनेच येत असे, हे लालमहंमदच्या आता ध्यानात आलं.

"मामा, उद्याच्या गाडीवर मी न्हाई."

"का रं?"

"पाठ धरलीया म्हनून सांगितलं. डुटी बदलून मागितली, मिळाली बी."

"पाठ धरलीया? आत्ता तर हरणावानी पळत हुतास."

संपतने खाली बघितलं. त्याने आवाज आणखी उतरवला. "मनमाडकडनं येताना, पुलाच्या अलीकडं, सिग्नल थांबायचा हुता, तवा मी 'उभा हाय' म्हनून वरडलो. तुम्ही ब्रेक मारला. मारला, पर सिग्नल तुम्ही बघितलाच न्हाई. गाडी थांबल्यावर तुम्ही मान फिरवून हुडकत हुता त्याला."

सिग्नल दोघांनी बघायचा, एकाने मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने तो बघूनच परत म्हणायचा, असा नियम होता. कित्येक महिने तो नुसता परत म्हणत होता.

"बायकू इचारती, झोपंत 'उभा हाय, उभा हाय' म्हनून का वरडता. पूल आला की माझी ही गत, मामा. एका हातात फावडं आन् डोळं सारं भाईर. एक दिस माझं बी चुकंल."

"सायबाला सांगितलंस?"

"न्हाई. सांगनार बी न्हाई. तुमच्या हाताखाली शिकलोय मी." तो थांबला. "म्हनलं, आज तुम्ही म्हस्कूला मागितलं, तर डुटी परत घ्यायची. तुमचं तुम्हीच सांगाल मग. दुपारभर वाट बघितली."

मैदानावर रहीमला दोघांनी खांद्यावर उचललं होतं.

"उद्या माझ्यासंगं कोन हाय?"

"हौशीराम. नवाच हाय. कोळसा झकास मारतो." संपतने कपाळावरचा घाम पुसला. "पर लई भिडस्त हाय. तुम्ही म्हनल्याबिगर आधी सिग्नल म्हनायचा न्हाई. तुम्ही म्हनाल तसाच मागनं म्हनंल."

संपत विहिरीकडे निघून गेला.

लालमहंमद उभा राहिला. उद्याची गाडी त्याला डोळ्यांपुढे दिसली: पूल, वळण, आणि दोन माणसं, एकमेकांच्या बोलण्याची वाट बघणारी. हातातले हातमोजे त्याने खाली ठेवले. मग मैदान ओलांडून तो बाबुलालकडे गेला.

"बाबुलाल, अदलाबदल करतोस? रहीम घे. म्हस्कू दे."

बाबुलालने त्याच्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. "ऊन लागलं काय तुला? अरं, सोनं देऊन कलिंगड घेतोयस! आन् त्याला उभा कुठं करनार? गोलकी तर तू हायस."

"मी न्हाई," लालमहंमद म्हणाला. आवाज फुटला, म्हणून त्याने तेच पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी गोलकी न्हाई आता. मला डावीकडचं दिसत न्हाई."

बाबुलालचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मैदानातला गलका हळूहळू थांबला. फोरमनसाहेबांची खुर्ची डाव्या हातालाच कुठेतरी होती. त्यांनी ऐकलं का, त्यांचा चेहरा कसा झाला, हे बघायला लालमहंमदला मान फिरवायला हवी होती, आणि थोडीथोडकी नाही, पार खांद्यापर्यंत. सगळ्यांच्या देखत त्याने ती फिरवली.