मनगटाचं कारण

“एवढ्याशा डब्यानं मनगट मोडत नसतं,” डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले. “किती किलोचा होता?”

“पाच,” हरिओम म्हणाला. ज्वारीचा डबा गिरणीच्या तोंडाशी उचलला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. इथपर्यंत खरं.

वय? चौतीस. हेही खरं.

आधी एखादं ऑपरेशन?

नाही.

इथं खोटं सुरू झालं. हरिओम मुलगी म्हणून जन्मला होता. सहा वर्षांपूर्वी पुण्यात त्याची गर्भपिशवी आणि अंडाशयं काढली, मग तो पिंगळीत गिरणी टाकून बसला. गावात हे ठाऊक असलेलं एकच माणूस, त्याची आई सरजाबाई. ती आता शेजारच्या स्टुलावर बसून डॉक्टरांकडं एकटक बघत होती. त्यानं तिला आणलं नव्हतं. आपणहून ऑटोत चढली. का चढली, हा किडा सकाळपासून त्याचं डोकं पोखरत होता.

औषधं काही चालू?

नाही.

खरं, आणि खोटंही. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पुरुषी संप्रेरकाचं इंजेक्शन दीड वर्ष बंद होतं. सुई टोचणारा गावातला कंपाउंडर एकदा बाटली उलटीपालटी करून वाचत राहिला, एवढंच निमित्त. तेव्हापासून दळण आणणारी प्रत्येक बाई दाढीकडं बघून हसते, असं वाटायचं. चोरी काहीच नव्हती. मनातलं चांदणं तेवढं चोराचं. अंडाशयं गेलीत, इंजेक्शन सोडलंत तर हाडं ठिसूळ होतील, असं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्याला हाडांपेक्षा गावाची नजर भारी वाटली.

“मग दारू? का जिमवाले देतात तसलं स्टिरॉइड?” डॉक्टरांच्याही मनात आता पाल चुकचुकली होती.

सरजाबाईनं घसा खाकरला. हरिओमनं धड हातानं तिचा दंड दाबला. तिनं तो हात सोडवून घेतला.

“सायेब, पिशवी काढलेली हाय.”

“तुमची?”

“माझी बी. तिशीतच काढली, तवापासून मणका वाकलाय. ह्ये दुखणं मला म्हाईत हाय. पर मी ह्याचं सांगायलेय. सुई घ्यायचा, लोकाच्या भ्यानं सोडली. इचारा त्याला.”

डॉक्टर उठले आणि दार लावून आले. हरिओम त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधत होता. सापडलं नाही, तर त्याचाही संशय आला.

“कधीपासून बंद?”

हरिओमनं आईकडं न बघता सांगितलं, “दीड वर्ष.”

डॉक्टरांनी आधीची दोन्ही ‘नाही’ खोडली. रक्त तपासायचं, हाडांची घनता मोजायची, पुण्याच्या बाईंशी बोलून इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं, असं ते लिहीत गेले.

घनता मोजायच्या खोलीत कपडे बदलायचे होते, आणि दाराला कडी नव्हती. सरजाबाई बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली. बाकावरची एक बाई सरकून म्हणाली, “बसा की मावशी, किती येळ उभं ऱ्हाता?”

“बसलं की उठवत न्हाई,” सरजाबाई म्हणाली.

आत मशीनखाली निजलेला हरिओम कान टवकारून होता. ती पुढं काही सांगते का, याकडं. दाराच्या काचेतून तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती.