पुंजारामची चाल

"खामगव्हाणची सुपारी आली," तातेराव म्हणाले, तेव्हा कडूबा क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर भिजवत होता. त्याने ती तोंडातून काढली नाही. म्हणून तातेरावांनी पुढचंही सांगून टाकलं. "पाटलाच्या नातीचं लगीन हाय. नवरदेव भोकरदनचा. पुरा संच पाहिजे म्हन्तेत, चौदा मानसं. आन् पुढं तू."

गुलशन बँडचं दुकान जुन्या जालन्यात होतं. मालक तातेराव आणि मास्तरही तेच. दुष्काळाच्या दोन सालांत लोकांनी लग्नं उरकली ती बँडाशिवाय. चौदा जणांपैकी सहा जण तर खडी फोडायला गेले होते. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा आला तशा तारखा भराभर भरू लागल्या. पण तोवर तातेरावांचे वरचे दात गेले होते आणि दातांवाचून क्लॅरिनेट धरता येत नाही. मास्तरकी कुणाकडे जाणार, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. बोललं मात्र कुणी नव्हतं.

मास्तर म्हणजे मिरवणुकीच्या पुढे चालणारा माणूस. चाल तो ठरवतो. त्याचं क्लॅरिनेट थांबलं की चौदा जण थांबतात आणि त्यांच्यामागे घोडाही थांबतो. कडूबा सतराव्या वर्षी झांजा वाजवायला म्हणून बँडात आला होता. झांजांवरून साइड ड्रमवर, तिथून क्लॅरिनेटवर पोचायला सहा वर्षं गेली, आणि त्यानंतरची नऊ वर्षं तो तातेरावांच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे चालला. ते एक पाऊल आता ओलांडायचं होतं.

"मास्तर, ते माहं गाव हाय," तो म्हणाला.

"ठावं हाय. म्हनून तर आधी सांगून राह्यलो. जाऊन ये, तुह्या लोकांना इचार. न्हाई जमलं तर मी दुसरा पाहतो. पर मंग मास्तर बी तोच राह्यल."

तातेराव दम देत नव्हते. ज्याला एका गावाची भीती वाटते तो मास्तर होऊ शकत नाही, इतकंच त्यांना म्हणायचं होतं.

लग्नाच्या चार दिवस आधी कडूबा एसटीने धावड्याला उतरला आणि तीन मैल चालत खामगव्हाणला गेला. बौद्धवाड्यात त्याची आई सोनूबाई एकटी राहत होती. ती कामावरून आलेली नव्हती, म्हणून तो आधी अप्पारावांकडे गेला. अप्पाराव वाड्यातले सगळ्यांत जाणते. शाळेत शिपाई होते, आता घरीच असत. त्यांनी पाणी दिलं, जालन्याचं विचारलं, आणि कडूबाने लग्नाचं काढताच त्यांची मान नकारार्थी हलली.

कडूबाला त्यामागची गोष्ट सांगायची गरज नव्हती. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. नागपूरला दीक्षा घेऊन माणसं परतली आणि पंधरा दिवसांत वाड्याने ठरवलं: ढोरं ओढायची नाहीत, गावकीची कामं करायची नाहीत, गावापुढे वाजवायचं नाही. हलग्यांची कातडी फाडली. कडूबाचा बाप पुंजाराम हा गावचा सनईवाला. त्याने सनई धोतराने पुसून स्वतःच्या हाताने अप्पारावांना दिली आणि अप्पारावांनी ती पाट्यावर ठेवून वरवंट्याने मोडली. तोवर गावातला नवरदेव मारुतीच्या पाया पडायला आला की पुंजाराम पाराखाली लिंबाच्या बुडाशी उकिडवा बसून वाजवायचा. उभं राहिलं तर पारावर बसलेल्यांच्या बरोबरीला डोकं यायचं, म्हणून बसायचं. त्याच्या मागे बसून कडूबा दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवायचा. चाल संपली की पुंजाराम धोतराचा सोगा पसरायचा आणि वरून काय पडेल ते झेलायचा.

सनई मोडली त्यानंतर पुंजाराम अकरा वर्षं जगला. विहिरी खांदल्या, गवंड्याच्या हाताखाली राहिला. शीळसुद्धा घातली नाही.

"तू जालन्यात वाजवतो, सिल्लोडला, औरंगाबादला वाजवतो," अप्पाराव म्हणाले. "कुनी काही बोललं का? न्हाई. तो धंदा हाय. पर इथं न्हाई, कडूबा."

"अप्पा, मी काय गावकी करायला चाल्लोय का? लिहून घेतलेली सुपारी हाय. अंगात डरेस राह्यतो, पायात बूट. चौदा मानसं माह्या इशाऱ्यावर वाजवतेत."

"ते तुला दिसतंय. पाटलाच्या पारावरून कोट-टोपी दिसायची न्हाई. पुंजारामचं पोरगं दिसंल."

"मंग मी वाजवायचं कुठं?" कडूबाचा आवाज चढला. "जिथं मला कुनी वळखत न्हाई, तिथंच का? माह्या गावानं कदीच पाहायचं न्हाई, मी काय झालो ते?"

अप्पारावांनी मनाई केली नाही. संध्याकाळी सोनूबाई आली. तिने सगळं ऐकून घेतलं, भाकरी थापता थापता म्हणाली की अप्पाराव म्हणतात ते खोटं नाही आणि तो म्हणतो तेही खोटं नाही. शेवटी वाजवायचं त्याला आहे. लग्नाच्या दिवशी बघायला येईन, असं मात्र ती आपणहून म्हणाली.

बँडचा ट्रक खामगव्हाणला पोचला तेव्हा दहा वाजले होते. वेशीबाहेर सगळ्यांनी लाल कोट चढवले, बुटांवरची धूळ झटकली. मास्तरच्या टोपीला पांढरा तुरा असतो. कडूबाने ती डोक्यावर ठेवली आणि ट्रम्पेटवाल्या गफूरला विचारलं, नीट बसली का. गफूर म्हणाला, "बिलकुल बराबर, मास्तर." त्या नावाने त्याला कुणी हाक मारण्याची ती पहिलीच वेळ.

मिरवणूक वेशीतून आत आली. कडूबा पुढे होता. ज्या गल्लीतून त्याचा बाप चपला हातात घेऊन जायचा त्या गल्लीतून तो बूट वाजवत गेला आणि कुणी काही बोललं नाही. उलट पोरं नाचत होती, ओट्यांवरच्या बायका हसत होत्या. सिनेमातलं एक नवं गाणं त्याने दोनदा वाजवलं आणि लोकांनी तिसऱ्यांदा मागितलं. चौकाच्या कोपऱ्यावर बौद्धवाड्यातली माणसं येऊन उभी राहिली होती. त्यात सोनूबाई होती, आणि छत्री उघडून अप्पारावही. त्यांना पाहून कडूबाने तान वर नेली. पंधरा वर्षांत असं कधी वाजलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

पारापाशी मिरवणूक थांबली. नवरदेव घोड्यावरून उतरला. बँडही थांबला, आणि तेवढ्यात पारावर बसलेल्या दुर्गाबाईंनी हात वर केला. पाटलांची आई. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी कमी दिसायचं.

"पुंजारामचं ना रे तू?" त्यांनी विचारलं. "तुहा बाप इथं एक चाल वाजवायचा. नवरदेव पाया पडायचा तवा. माह्या तिन्ही पोरांच्या लग्नात वाजवली. मेल्यावर ऐकायची का मी आता? वाजव, बाबा."

त्यांच्या बोलण्यात हुकूम नव्हता, मायाच होती. आणि बँडात फर्माईश मोडायची नाही, हा तातेरावांचा नियम. कडूबाने फार विचार केला नाही. त्याने गफूरला खालचा एकच सूर धरून ठेवायला सांगितला, बाकीच्यांना हाताने गप्प केलं आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.

ही चाल त्याने आयुष्यात कधी वाजवली नव्हती. बापामागे बसून फक्त ऐकली होती. पहिला सूर आला आणि पुढचा आपोआप आला. चाल खालून निघायची, थांबत थांबत वर चढायची, वर गेल्यावर श्वास न तोडता तिथेच घुटमळायची आणि मग एकदम खाली यायची. गालात हवा साठवून नाकाने दम घ्यायचा, ही सनईवाल्यांची रीत. क्लॅरिनेटवर त्याने ती कधी केली नव्हती. आज ती जमली. डोळे मिटलेले होते. बापाच्या पाठीवरचा घाम, मानेवरची शीर, सगळं त्याच्यासमोर होतं. चाल तीनदा फिरली आणि संपली.

कडूबाने डोळे उघडले तर समोर घोड्याचे गुडघे होते. माणसांच्या वहाणा होत्या. त्या इतक्या जवळ का, हे कळायला त्याला क्षणभर लागलं. तो लिंबाच्या बुडाशी उकिडवा बसलेला होता. मान खाली होती. क्लॅरिनेट उजव्या हातात होतं आणि डाव्या हाताने त्याने लाल कोटाची कड पुढे पसरून धरली होती.

दुर्गाबाईंनी पारावरून नारळ टाकला. मग ओंजळभर गहू. ते कोटात पडले.

"आता कसं," पारावरचा एक म्हातारा समाधानाने म्हणाला. "रगतात राह्यतंय ते."

कडूबाने चौकाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बौद्धवाड्यातली माणसं परत फिरली होती. पाठमोरी छत्री तेवढी दिसली.

तो उठला. नारळ पाराच्या कडेवर ठेवला, कोट झटकला, गहू मातीत सांडले. बँडाकडे वळून त्याने पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं आणि मिरवणूक मांडवापर्यंत नेली. एकही सूर चुकला नाही. अक्षता पडल्यावर वाजवायचं ते वाजवलं. बँडवाल्यांची पंगत बसली तेव्हा तो जेवला नाही. त्याच कपड्यांत, टोपी काखेत धरून, बौद्धवाड्यात गेला.

अप्पाराव दारात बसले होते. कडूबा समोर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं: मुद्दाम केलं नाही, कळलंच नाही, फर्माईश होती. अप्पारावांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"तुही चूक न्हाई," ते म्हणाले. त्यांचा राग दिसत नव्हता आणि तेच कडूबाला जड गेलं. "सनई मोडली तवा तू लई रडला होता. माह्याकडं साल-दोन साल पाहत बी नव्हता. आता कळलं का, कामून मोडली ते?"

घरी सोनूबाई उंबऱ्यात होती. तिने त्याला पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"कुनी शिकवली तुला ती?"

"कुनीच न्हाई. ऐकलेली."

"बराबर वाजवली." तिने तांब्या परत घेतला. "तोच बसला होता तिथं. अठरा सालांनी ऐकली म्या." तिने पदराने डोळे पुसले, आणि मग आवाज बदलून म्हणाली, "आता पुन्यांदा वाजवू नको, कडूबा. इथं बी न्हाई, कुठं बी न्हाई."

तो बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तातेराव खुशीत होते. पाटलांकडचा माणूस कौतुक करून गेला होता आणि गफूरने बाकीचं सगळं सांगितलं होतं, म्हणजे त्याला जेवढं दिसलं तेवढं. असली जुनी चाल दुसऱ्या कुठल्या बँडाकडे नाही, तातेराव म्हणाले. घनसावंगीची सुपारी रविवारी आहे, तिथे नवरदेव मारुतीला आला की हीच वाजवायची. बाकीच्यांनी आजच शिकून घ्यावी. त्यांनी सतरंजी अंथरायला लावली. तालमीला सगळे सतरंजीवर गोल बसत.

"ती मला येत न्हाई," कडूबा म्हणाला.

"काल वाजवली की."

"काल आली होती. आता न्हाई येत."

तातेरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मास्तर कोण, हे अजून त्यांच्या हातात होतं. दोघंही ते जाणून होते. मग ते म्हणाले, "बरं. मंग तुला येतंय ते घे."

गफूर बसला, ढोलवाले बसले, झांजवाला पाय दुमडून टेकला. एकाने सरकून सतरंजीवर मधली जागा मोकळी केली आणि हाताने ती साफही केली.

"बसा, मास्तर."

कडूबाने पत्ती बसवली, एक सूर काढून पाहिला. मग सतरंजीच्या कडेला, दाराकडे तोंड करून, तो उभ्यानेच वाजवू लागला.