शिहाबचा डावा हात

तुम्ही शिहाबचा डावा हात तोडलात, साहेब, आणि वर त्याला मूळ चित्राशी इमानदारी म्हणालात. कार्टूनच्या मंजुरीचा शिक्का तुमचा, खुर्ची तुमची, आणि ज्या खणात मी सात महिने खोकल्याच्या गोळ्यांशेजारी पडलोय तो खणही तुमचाच. मी एक जुना कॉमिकचा अंक आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटलं तर ऐका. साहेबांना मात्र ऐकावंच लागेल.

माझा जन्म बैरूतमधल्या एका छापखान्यात झाला. आकाशातून पेटत्या मुठीने उतरणाऱ्या वीराची गोष्ट मुळात परदेशी, डावीकडून उजवीकडे वाचायची. आमची अरबी उजवीकडून डावीकडे. चित्रांचा क्रम जुळावा म्हणून छापखान्याने अख्खी पानंच आरशात धरल्यासारखी उलटी छापली. उजव्या मुठीचा वीर एका दिवसात डावखुरा झाला. कपाळावरचा व्रण इकडचा तिकडे गेला. छापखान्यातल्या उस्तादांनी बोलण्याच्या फुग्यांत सुबक अरबी अक्षरं भरली, दुकानांच्या पाट्या सुधारल्या, वीराचं नाव शिहाब ठेवलं, म्हणजे तुटता तारा. अकराव्या पानावरच्या हॉटेलची पाटी तेवढी नजरेतून सुटली. ती आजही उलटी आहे. त्याचा डावा हात चुकून आला हे मी कधी नाकारलेलं नाही.

मी आठ वर्षांच्या वदादच्या हाती आलो. ती डावखुरी. तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिसली की शाळेतल्या बाई पट्टी उभी धरून बोटांवर मारायच्या. "हा हात कशासाठी असतो ठाऊक आहे ना? आणि त्याने देवाचं नाव लिहितेस?" सुजलेल्या बोटांनी तिने मला उघडलं आणि किंचाळली, "आई, हा बघ! हासुद्धा डाव्यानेच मारतो!"

आई भेंडी निवडत होती. "तो उडतोसुद्धा. तू आधी उडून दाखव."

उडाली नाही, पण हातही बदलला नाही. पुढे शहरात लढाई पेटली. शेजारपाजारचे सगळे जिन्याखाली दाटीवाटीने बसलेले असत आणि ही भिंतीवर कोळशाने शिहाब काढत असे. कुणाच्या बापाची हिंमत नव्हती तेव्हा हात कोणता ते विचारायची. मग चाळीस वर्षं मी तिच्या चपलांच्या खोक्यात काढली. ती कार्टूनची चित्रकार झाली.

आता माझ्या भक्तांविषयी. दर शुक्रवारी हमरा रस्त्यावरच्या एका कॉफीखान्यात ते जमतात. पुढारी रमझी, पेशाने दंतवैद्य. ही माणसं आम्हाला वाचत नाहीत. हातमोजे घालून कडेने धरतात, प्लास्टिकमध्ये सरकवतात, कोपरा दुमडलेला दिसला की घरात मयत झाल्यासारखा चेहरा करतात. कागदाचे मुकादम!

गेल्या वर्षी शिहाबचं नवं कार्टून बैरूतमध्येच बनू लागलं. मुख्य चित्रकार वदाद. तिने त्याला डावखुराच काढला. मग तुमचं पत्र आलं: मूळ वीर उजवा आहे, हात बदला, नाहीतर मंजुरी नाही. चौदा भाग अडकले. आमच्या मुलखात शिहाब डावखुराच आहे असं वाचकांच्या सह्यांनिशी तुम्हाला कळवावं, म्हणून ती अर्ज आणि मला घेऊन शुक्रवारी त्या कॉफीखान्यात गेली.

रमझीने अकरावं पान उघडलं आणि हसला. "वदादबाई, ही पाटी बघा. उलटी. म्हणजे अख्खा अंकच उलटा. तुमचा शिहाब ही छापखान्याची चलाखी आहे."

"असेना. तुम्ही लहानपणी कोणता वाचलात, हकीम?"

"हाच. मूळ मी चाळिशीत पाहिलं. पण मूळ ते मूळ."

"टीव्हीवरच्या जुन्या कार्टूनमध्येही शिहाब उजवाच होता," साबणाचा दुकानदार फवाझ मध्येच म्हणाला.

"त्या कार्टूनचं नाव काढू नकोस!" रमझी उसळला. "त्यात शिहाब बातम्या दिल्यासारखा बोलतो. 'हे दुर्जना, तुझ्या दुष्कृत्यांना विराम दे!' चोर थांबायच्या आधी मला झोप लागली."

"आणि उतरताना मूठ? ती तर पारच चुकवली!"

"चुकवली म्हणजे? अशी खाली नाही, अशी!" रमझी खुर्ची सारून उभा राहिला. "आकाश साक्षी आहे!" असं ओरडून त्याने मूठ वर फेकली. फवाझनेही फेकली. कप खडखडले.

दोन्ही मुठी डाव्या होत्या.

वदादने अर्ज पुढे सरकवला. "सही त्याच हाताने करा, हकीम."

रमझीने हात खिशात घातला. "सवय म्हणजे पुरावा नव्हे," तो पुटपुटला. फवाझ बिनसाखरेची कॉफी ढवळत बसला. पन्नाशी उलटलेली माणसं! जगाला वाचवणाऱ्या वीराची पूजा करतात आणि एका सहीला घाबरतात.

वदादने एकटीनेच सही केली आणि अर्जासोबत मलाही तुमच्याकडे पाठवलं. उजवीकडून डावीकडे लिहिताना डावखुऱ्याची शाई फिसकटत नाही, साहेब. तिची सही स्वच्छ आहे. त्याखालचा तुमचा 'नामंजूर' बघा, उजव्या हाताखाली कसा फिसकटलाय.

मित्रांनो, जुने अंक जपून ठेवा असं मी सांगणार नाही. मला जपणाऱ्यांनीच मला विकलं. तुम्ही आम्हाला मळवा, दुमडा, आमच्यावर तेल सांडा, जिन्याखाली न्या. फक्त उद्या कुणी शहाणा येऊन "तुम्ही ज्याच्यामुळे ताठ उभे राहिलात तो खोटा होता" असं म्हणाला, तर हात खिशात घालू नका.

आणि साहेब, मला खणात टाकण्याआधी तुम्ही मला शेवटपर्यंत वाचलंत. दोनदा. अकराव्या पानावर पाटीकडे बघितलंही नाहीत, सरळ मुठीवर बोट ठेवलंत. तुमच्या वयाच्या माणसाने मला लहानपणी वाचलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा दार लावून घ्या. उभे राहा. "आकाश साक्षी आहे" म्हणा आणि मूठ वर फेका. कोणता हात गेला? तेवढंच कागदावर लिहा, खाली सही करा आणि वदादला पाठवा. सात महिने झाले. आता खरं उत्तर द्या.